नखं बघणारे अण्णा

अण्णा निकम मैदानावर पहिली गोष्ट बघायचे ती नखं. संध्याकाळी चुन्याच्या फक्कीची शेवटची रेघ मारून झाली की ते रेषेबाहेर उभे राहायचे आणि आम्ही पोरं ओळीनं हात पुढे धरायचो, तळवे जमिनीकडे. अण्णा एकेकाच्या बोटांच्या टोकांवरून आपला अंगठा फिरवत पुढे सरकायचे. नजर भलतीकडेच, समोरच्या कारखान्याच्या धुराड्याकडे नाहीतर कुंपणावरच्या कावळ्याकडे. कुठे खरखर लागली की अंगठा थांबायचा. मग खिशातून किल्ल्यांचा जुडगा निघायचा, त्याला नेलकटर अडकवलेलं. तिथेच, सगळ्यांसमोर, नख कापलं जायचं आणि अण्णा त्या बोटावर फुंकर मारायचे. शाळकरी पोराच्या बोटावर मारायचे तशीच दाढीमिशावाल्या गड्याच्या बोटावरही.

"डोळ्यांनी का नाही बघत, अण्णा?" मी एकदा विचारलं.

"डोळ्याला नख दिसतंय नुसतं. दुसऱ्याच्या गालाला ते कसं लागतंय, ते कातडीलाच कळतं."

कबड्डी खेळणाऱ्याची नखं कापलेली असावीत हा नियमच आहे. बाकीची मंडळं तो सामन्याच्या दिवशी पाळतात. आमच्याकडे तो रोज पाळला जायचा, आणि पाळायचा म्हणजे रेषेबाहेर पाळायचा. नखं दाखवल्याशिवाय रेषेच्या आत पाय नाही. "नख म्हणजे हत्यार. हत्यार घेऊन देवळात जातोस का? मग हितं कशाला आणतोस?" हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकलं होतं की पहिला शब्द त्यांनी उच्चारला की बाकीचं आम्हीच पुरं करायचो.

मैदान मानपाड्याच्या बाजूला, एमआयडीसीच्या कुंपणालगत. अण्णा तिथल्याच एका कारखान्यात फिटर होते. साताऱ्याकडून तरुणपणी आले ते याच पट्ट्यात राहिले. पाळी संपली की डबा घरी टाकून थेट मैदानावर. मूलबाळ नव्हतं. कुणी त्यावरून हळहळायला लागलं तर काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणायच्या, "अहो, मला रोज तीसजणांची चड्डी-बनियनं दिसतात दोरीवर. आणखी कशाला?"

माझे वडील अण्णांच्याच कारखान्यात पॅकिंगला होते. मी बी.कॉम. झालो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं फाटक आतून बघितलं नव्हतं. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो, कारण सांगायला मला आवडतं. बारावीनंतर वडील मला कारखान्यात चिकटवायला निघाले होते, तेव्हा अण्णा आमच्या खोलीत येऊन बसले. म्हणाले, "ह्याच्या गुडघ्यात कबड्डी न्हाई. चढाईला गेला की आधीच परत यायचा विचार करतंय. पण खेळ बघताना त्याला नियम पहिला दिसतो आणि माणूस नंतर. असल्याला शिकवावं. कुठंतरी हापिसात उपयोगी पडंल." ही स्तुती होती की काय होतं, मला आजही ठरवता आलेलं नाही. वडिलांनी ऐकलं.

पदवीचं प्रमाणपत्र मिळालं त्या दिवशी मी ते गुंडाळी करून तसंच मैदानावर घेऊन गेलो. अण्णांनी गुंडाळीकडे बघितलं आणि म्हणाले, "आधी हात दाखव." नखं बघून झाल्यावर त्यांनी ते प्रमाणपत्र उलगडलं, उन्हाकडे धरलं, परत नीट गुंडाळलं आणि सगळ्या पोरांना ओरडून सांगितलं, "आजपासनं ह्याला नावानं हाक मारायची न्हाई. पदवीधर म्हणायचं." त्यानंतर अण्णांनी मला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारलेली मला आठवत नाही.

आता मंगेशबद्दल सांगायला हवं.

मंगेश शीळफाट्याजवळच्या गावातला, आगरी घरातला. त्याच्यासारखा चढाईचा गडी आमच्या मैदानावर आधी झाला नाही, नंतरही नाही. खांदा असा वाकवायचा की पकडणाऱ्याला वाटायचं आलाच हातात, आणि तोवर हा मध्यरेषेपलीकडे. अण्णांचा तो लाडका होता, आणि अण्णा लाडक्याला जास्त शिव्या घालायचे. मंडळाच्या रक्तदानाच्या वेळी दोघांचा रक्तगट एकच निघाला, तर अण्णा म्हणाले, "गट एक असला म्हणून काय झालं? माझं रक्त असं माजलेलं न्हाई."

एका अंतिम सामन्यात कळव्याच्या संघाचा कोपरारक्षक मंगेशला सारखा आडव्या-तिडव्या शिव्या देत होता. मंगेश चढाईला गेला आणि परत येताना त्यानं त्या पोराच्या गालावर पंजा ओढला. डोळ्याच्या खालपासून ओठापर्यंत. पोरगा खाली बसला, बोटांच्या फटींतून रक्त. पंचांनी कार्ड काढायच्या आधी अण्णा मैदानात गेले. मंगेशचा उजवा हात धरला आणि अंगठा फिरवला. अंगठीच्या बोटाचं नख वाढलेलं होतं. रोज तपासणी होत असली की नख काही एवढं वाढत नाही. त्या आठवड्यात सामने दुसऱ्या गावात होते, गडबडीत तपासणी झाली नव्हती, आणि मंगेशनं ते मुद्दाम ठेवलं होतं की कसं, हे त्यानं कधीच सांगितलं नाही.

आम्ही पुढे होतो. अण्णांनी पंचांना सांगितलं की आमचा संघ खेळणार नाही, चषक त्यांना द्या. मग मंगेशकडे वळून, आवाज जराही न चढवता: "आमच्या मैदानावर रेषेच्या आत परत पाय टाकायचा न्हाई."

मंगेश तडक बाहेर पडला. पुढं तो कळव्याच्याच मंडळाकडून खेळला, नाव कमावलं, मग जेसीबी घेतला, लग्न केलं. आमच्या मैदानावरून जाताना जेसीबी हळू करायचा. अण्णा पाठ फिरवून फक्की मारत राहायचे. आमच्यात कुणी त्याचं नाव काढलं तर म्हणायचे, "रेघ एकदा मारली की ती माणूस बघून सरकत न्हाई."

अण्णांच्या मानेतल्या गाठी आधी काकूंना दिसल्या. तपासण्या झाल्या, लिम्फोमा निघाला, ठाण्याच्या एका हॉस्पिटलमध्ये केमो सुरू झाली. अण्णा तोवर निवृत्त झाले होते. मी ठाण्याला विमा कंपनीच्या ऑफिसात, त्यामुळे फाइल माझ्याकडे आली. "तू शिकलेला आहेस, संदीप, तू बोल डॉक्टरांशी," काकू म्हणाल्या. मी बोलत गेलो. मला नवल वाटतं ते हे, की त्या सगळ्या महिन्यांत मला फारसं काही वाटलं नाही. दाढ काढताना गाल बधिर करतात ना, आपण बोट लावतो तर कुणा दुसऱ्याचा गाल असल्यासारखा लागतो, तसं. मी रिपोर्ट वाचायचो, सही करायचो, चहा प्यायचो, परत ऑफिसात जायचो.

डॉक्टरांनी एकदा समोर बसवून समजावलं. केमोचं औषध झपाट्यानं वाढणाऱ्या पेशी मारतं. गाठीतल्या मारतं तशा हाडांच्या आतल्याही, जिथं रक्त तयार होतं. म्हणून औषध दिल्यावर आठवडा-दीड आठवड्यात प्लेटलेट घसरतात. रक्त गोठवायचं काम त्यांचं. त्या फार उतरल्या तर जखम नसतानाही रक्त येऊ शकतं, डोक्यात आलं तर वाचवणं अवघड. हाडांनी पुन्हा काम सुरू केलं की आकडा आपोआप वर येतो, पण तोवर बाहेरून प्लेटलेट चढवून माणूस सांभाळावा लागतो.

"म्हंजे कारखाना बंद न्हाई," अण्णा म्हणाले, "शटडाऊन हाय."

"बरोबर," डॉक्टर हसले.

"शटडाऊनमध्ये बाहेरनं माल मागवायचा."

"अगदी बरोबर."

"मग सोपं हाय की. आपल्याकडं माल भरपूर. अख्खं मैदान हाय."

पहिल्या दोन वेळा आकडा उतरला तो थोडा, माल लागलाच नाही. नर्सनं मात्र काय करायचं नाही ते सांगितलं: ब्लेडनं दाढी नाही, कडक ब्रश नाही, पडणं-धडपडणं तर अजिबात नाही. आणि नेलकटर नाही. कातडी कापली गेली तर रक्त थांबायचं नाही, कानसच घासायची. अण्णांनी खिशातला जुडगा काढून काकूंच्या हातात दिला. आयुष्यभर "आधी पडायला शिका, मग पकडायला" असं ओरडणारा माणूस भिंत धरून संडासला जायला लागला. "पडायला येतंय मला," ते म्हणाले, "परवानगी न्हाई."

सोसायटीत बातमी पसरली तसा पपईच्या पानांचा रस येऊ लागला. तळमजल्यावरच्या वहिनी, दूधवाला, वडिलांचे जुने मित्र, सगळे हिरवी बाटली घेऊन. डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलं, याच्या नादानं पोट बिघडलं तर वेगळीच भानगड. अण्णा बाटल्या घेऊन ठेवायचे, माणूस गेला की काकूंना म्हणायचे, "तुळशीत वत. तिच्या प्लेटलेट वाढू दे."

पावसाळ्याच्या शेवटी आमच्या मंडळाचा वर्धापनदिन असतो आणि त्या दिवशी रक्तदान शिबिर. ते अण्णांनीच सुरू केलेलं. त्याचाही एक नियम होता. रक्त द्यायचं ते कुणाच्या नावानं नाही. एखाद्याचा मेव्हणा आजारी असला आणि त्यानं म्हटलं की माझी पिशवी त्याच्यासाठी ठेवा, तर अण्णा चिडायचे. "ज्याला माणसं हायत त्याला मिळंल कुठनंतरी. ज्याला न्हाईत त्यानं काय करायचं? आपल्या मैदानाचं रक्त चिठ्ठी लावून जाणार न्हाई."

त्या वर्षी सगळे म्हणाले, अण्णा आजारी आहेत, शिबिर राहू दे. अण्णांनी ऐकलं नाही. त्यांना नुकतीच केमो देऊन घरी सोडलं होतं. मास्क लावून ते मांडवाबाहेर खुर्चीत बसले. आणि अण्णांसाठी म्हणून जी माणसं आली! जुने खेळाडू बदलापूरहून, पनवेलहून आले. कुणी बायकोला घेऊन आलं, कुणी ऑफिसातला मित्र ओढून आणला. मीही दिलं. प्रत्येक जण पट्टी बांधलेला हात अण्णांना दाखवून जायचा आणि अण्णा त्याच्या नखांवरून लांबूनच नजर फिरवायचे. हात लावायला त्यांना मनाई होती. इतकं मोठं शिबिर आधी कधी झालं नव्हतं. मंगेशला अर्थातच कुणी बोलावलं नाही.

पुढच्या आठवड्यात अण्णांच्या पायांवर ठिपके उठले. बारीक, लाल, पोटऱ्यांवर दाट आणि वर विरळ होत गेलेले. "मैदानाची माती हाय ही," ते म्हणाले, "आत मुरलेली आता वर येतीय." सकाळी चूळ भरली ती लाल. आम्ही त्यांना ठाण्याला नेलं. रिपोर्ट माझ्या हातात आला. दीड लाखाच्या वर हव्यात त्या प्लेटलेट सात हजार होत्या.

डॉक्टर म्हणाले, आजच चढवायला हव्यात. ब्लड बँकेत गेलो तर तिथं डेंग्यूच्या पेशंटांच्या नातेवाइकांची रांग. सगळा साठा त्यात संपलेला. काउंटरवरच्या बाई दमलेल्या होत्या पण नीट बोलल्या. "डोनर आणा, त्याच गटाचा. मशीनवर फक्त प्लेटलेट काढून घेतो, बाकीचं रक्त परत त्याच्याच अंगात जातं. तास-दीड तास लागतो."

"डोनर भरपूर आहेत," मी म्हणालो. "आमचं अख्खं मंडळ आहे."

"छान. गेल्या महिन्याभरात रक्त दिलेलं नको हं."

मी हातातला फोन खाली घेतला. बाईंनी वर बघितलं.

"मागच्या रविवारी शिबिर झालं आमचं," मी म्हणालो.

"सगळ्यांनी दिलं?"

"सगळ्यांनी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग मी विचारलं, की त्या शिबिराच्या रक्तातूनही प्लेटलेट काढल्या असतील ना, त्या मिळतील का? त्यांनी मान हलवली. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात. आणि या दिवसांत पाच दिवस राहतात तरी कुठे, आल्या तशा गेल्या.

मी बाकावर बसून फोन करत सुटलो. मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, तर धडाधड उत्तरं आली: "मी येतो", "मी निघालो", "अण्णांसाठी जीव हाजिर". प्रत्येकाला मला लिहावं लागलं, तुझं चालत नाही. ऑफिसातला एक जण धावत आला, त्या गटाचा. बाईंनी विचारलं, काही औषध घेतलंय का? त्यानं डोकं दुखतंय म्हणून सकाळीच ॲस्पिरिन घेतली होती. ती घेतली की प्लेटलेट काही दिवस कामाच्या राहत नाहीत. गेला बिचारा. दुसऱ्याची शीर बारीक निघाली. मला आठवतं, मी त्याला थँक यू म्हणालो, लिफ्टपर्यंत सोडलं, आणि लिफ्टचं दार बंद झाल्यावर त्या दाराकडेच बघत राहिलो.

वर वॉर्डात जाऊन मी अण्णांना खरं ते सांगितलं. त्यांना खोटं सांगायची सोय नव्हती. ते बराच वेळ छताकडे बघत राहिले. नाकात कापसाचा बोळा होता, तो लाल होत चालला होता.

"त्या पिशव्या गेल्या ना कुणाच्या तरी अंगात?"

"गेल्या."

"मग झालं." थोड्या वेळानं म्हणाले, "एकसुद्धा गडी राखीव ठेवला न्हाई बघ. कसला प्रशिक्षक मी."

काकू खिडकीशी उभ्या होत्या. मी हळूच म्हटलं, "अण्णा, एकजण आहे. त्याच गटाचा. त्यानं शिबिरात दिलेलं नाही."

अण्णांना लगेच कळलं. "न्हाई."

"अण्णा..."

"त्याला मी रेषेबाहेर काढलाय. आता गरज पडली म्हणून हाक मारू? उद्या पोरांना काय सांगू? आणि माझ्या नावाची चिठ्ठी लावून माणूस बोलवायचा? जन्मभर मी काय बोललो?" एवढं बोलून त्यांना धाप लागली.

काकू खिडकीपासून वळल्या. "मैदान तुमचं आहे," त्या म्हणाल्या. "घर माझं आहे. मैदानावरून मी तुम्हाला कधी काही विचारलं? मग आता तुम्ही मला विचारू नका." आणि पदर खोचून बाहेर गेल्या. मी मागे गेलो. बाहेरच्या खुर्चीत बसून त्यांनी माझ्या फोनवरून नंबर लावला.

"मंगेश, काकू बोलतेय."

पलीकडे जेसीबीचा आवाज होता, तो बंद झाला. काकूंनी दोन वाक्यांत सांगितलं. त्यांचा आवाज स्थिर होता, फक्त पदराचं टोक त्या बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. पलीकडून काय आलं ते मलाही ऐकू आलं.

"मना आधी का नाय सांगितलां, काकू? कंचा हॉस्पिटल? निंगतंय."

मंगेश आला तो मातीनं भरलेल्या बुटांसकट. अंगानं सुटला होता, कानशिलावर पांढरे केस. बाईंनी प्रश्न विचारले, तपासणी केली, त्याच्या स्वतःच्या प्लेटलेट मोजल्या. भरपूर होत्या. त्याला खुर्चीत आडवा केला, हातात सुई, शेजारी मशीन फिरायला लागलं. रक्त नळीतून जायचं, मशीन काहीतरी घ्यायचं, रक्त परत यायचं. वरच्या पिशवीत ताकावरच्या निवळीसारखं पिवळसर पाणी साठत होतं. मी बाजूच्या स्टुलावर बसलो होतो.

"ओठांना मुंग्या येतान रे, पदवीधर."

"येतात. औषधानं होतं. कॅल्शियमची गोळी देतील."

मग छताकडे बघत, "अण्णा काय बोलला? माझा नाव घेतला का?"

मी नियम बघणारा माणूस. खोटं बोलायला हवं होतं, बोललो नाही. "नको म्हणाले."

मंगेश हसला. खरंच हसला. "मंग बरा हाय अजून."

झाल्यावर त्याला अण्णांना बघायचं होतं. डॉक्टरांनी जंतूंच्या भीतीनं फार माणसं नको म्हणून सांगितलेलं, पण काकूंनी त्याला बूट काढायला लावले, हात धुवायला लावले, मास्क बांधला आणि वॉर्डाच्या दारापर्यंत नेलं. तिथं तो थांबला. उंबरा कसला, नुसती ॲल्युमिनियमची पट्टी होती फरशीवर. पण तो पट्टीच्या अलीकडे उभा राहिला. आडदांड माणूस, कोपरात कापूस चिकटवलेला.

अण्णांनी डोळे उघडले. त्याला बघितलं. मला वाटलं, आता हे भिंतीकडे तोंड करणार.

अण्णांनी चादरीतून हात बाहेर काढला, तळवा वर. "हात," ते म्हणाले.

मंगेशनं काकूंकडे बघितलं. काकूंनी मान हलवली. तो पट्टी ओलांडून आत आला, पलंगाशी गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हात पुढे धरले, तळवे खाली. कुणाला शिवायचं नाही, असं नर्सनं बजावलं होतं. अण्णांनी आपला अंगठा त्याच्या बोटांवरून फिरवला. एकेक बोट. सावकाश. नजर खिडकीबाहेर. उजव्या हाताच्या अंगठीच्या बोटावर अंगठा थोडा जास्त थांबला, मग पुढे गेला. डाव्या करंगळीवर परत थांबला.

"ह्याला खरखर हाय."

"जेसीबीच्या दारात चेमटला, अण्णा. तुटलाय तो."

"काप."

"हाव."

एवढंच झालं. मंगेश उठून गेला. अण्णांनी डोळे मिटले. काकू बाहेर जाऊन नळ सोडून खूप वेळ तोंड धूत राहिल्या. मी तिथेच उभा होतो. मला रडू यायला हवं होतं, असं मला वाटत होतं. आलं नाही.

पिशवीच्या तपासण्या होऊन ती वर आली तेव्हा तिच्यावर अण्णांचं नाव लिहिलेलं होतं. अण्णांनी ते वाचायला लावलं. "लागली शेवटी चिठ्ठी," ते म्हणाले. पिवळं पाणी थेंबथेंब उतरताना बघत होते. "हे मंग्याचं?"

"हो."

"तापट माणसाचं. आणि बघ कसं गार दिसतंय."

दुसऱ्या दिवशी आकडा वर आला, नाकातलं रक्त थांबलं. पुढची केमो डॉक्टरांनी लांबवली. तरी काही दिवसांत प्लेटलेट पुन्हा उतरल्या आणि मंगेश परत आला, मग आणखी एकदा. दर वेळी आधी काकूंना करंगळी दाखवायचा. तोवर आमच्यातल्या बाकीच्यांचा महिना भरत आला होता, डेंग्यूही ओसरला होता. हाडांमधला कारखाना पुन्हा सुरू झाला, मग केमो कमी ताकदीची दिली. प्लेटलेटनं अण्णांना मारलं नाही, हे मला नोंदवून ठेवायचं आहे. गाठी औषधाला दाद देईनाशा झाल्या. थंडीत ताप आला तो फुप्फुसात गेला, आणि एका दुपारी, काकू त्यांच्या नखांवरून कानस फिरवत असताना, अण्णा गेले. डाव्या हाताची नखं घासून झाली होती. काकूंनी उजव्या हाताचीही पुरी केली, मगच नर्सला हाक मारली.

मंगेशला रेषेच्या आत ये, असं अण्णांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. वॉर्डात हात बघितले, पण मैदानाबद्दल चकार शब्द नाही. दोघं त्यानंतर काय बोलले असतील ते जेसीबी, कळव्याचा संघ, पाऊसपाणी. मंगेशनं विचारलं नाही, अण्णांनी काढलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर पहिल्या संध्याकाळी पोरं मैदानावर जमली. मीही ऑफिसातून तिकडेच गेलो. कुणीतरी फक्की मारली, वाकडी आली. मग सवयीनं पोरं रेषेबाहेर ओळीत उभी राहिली, हात पुढे, तळवे खाली. आणि समोर कुणीच नव्हतं. ती तशीच उभी राहिली. कुणाला हात खाली घ्यायचं सुचेना.

काकू कुंपणाशी आल्या होत्या. मंगेशचा जेसीबी रस्त्यावर उभा होता, तो उतरून त्यांच्याशेजारी आला होता. काकूंनी किल्ल्यांचा जुडगा काढला, घराच्या किल्ल्या सोडवून घेतल्या आणि नेलकटर मंगेशच्या हातावर ठेवलं.

मंगेश ओळीपुढून गेला. एकेकाच्या बोटांवरून अंगठा फिरवत, नजर कारखान्याच्या धुराड्याकडे. तिसऱ्या की चौथ्या पोरापाशी थांबला, नख कापलं, बोटावर फुंकर मारली. पोरं एकेक करून आत गेली. मंगेश बाहेर राहिला.

"चल आत," मी म्हणालो.

"अण्णा नाय बोलला अजून."

त्याला आता बरेच महिने झाले. रविवारी मंगेश येतो, पोरांना शिकवतो, घसा बसेपर्यंत ओरडतो, आणि सगळं रेषेबाहेरून. फक्कीच्या रेघेला बूट लावत नाही. पकड दाखवायची झाली तर पोराला बाहेर बोलावतो, मातीत झोपून दाखवतो, झटकून उठतो. वर्धापनदिनाच्या शिबिराला तो होता, पण त्यानं रक्त दिलं नाही. दर वेळी एकानं राखीव राहायचं, असं काकूंनी ठरवून दिलंय. यंदा तो राहिला.

त्या पहिल्या संध्याकाळी पोरं आत गेल्यावर तो माझ्याकडे वळला. मी ऑफिसच्या कपड्यांत, खांद्याला बॅग.

"हात, पदवीधर."

मी बॅग खाली ठेवली. हात पुढे धरले. त्यानं अंगठा फिरवला आणि जवळजवळ प्रत्येक बोटावर थांबला. हॉस्पिटलच्या त्या सगळ्या महिन्यांत मी स्वतःची नखं कधी कापली होती, मला आठवेना. मंगेशनं नेलकटर उघडलं. एकेक नख कापत गेला. शेवटच्या बोटावर त्यानं फुंकर मारली तेव्हा ती मला लागली.